'द रोअरिंग रोड' आणि मूकपटातली मोटारशर्यत: नेमकं काय बघायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. १९१९ सालचा 'द रोअरिंग रोड' हा अमेरिकन मूकपट तुम्ही यूट्यूबवर पाहिलात. गोष्ट पोरकट वाटली, माणसं तुरुतुरु धावताना दिसली, शर्यत खरी की बनावट ते कळेना, आणि नायक-नायिकेचं प्रेम शर्यतीला वरून डकवल्यासारखं वाटलं. तरीही जुन्या चित्रपटांची आवड असणारी मंडळी या चित्रपटाचं नाव आदरानं का घेतात, आणि या जातीचं आणखी काय बघावं, हे तुम्हाला हवंय.

मी संकलक आहे. पाठलाग, धावपळ, शर्यत असली दृश्यं कापण्यात माझी बरीच वर्षं गेली. संकलनाच्या टेबलावर मी ज्या युक्त्या रोज वापरत आलो, त्यातल्या बऱ्याचशा या चित्रपटाच्याच दशकात, याच जातीच्या चित्रपटांतून घासूनपुसून तयार झाल्या. म्हणून उत्तर त्याच अंगानं देतो.

आधी सगळ्यात सोपी गोष्ट, कारण ती दुरुस्त केली की निम्म्या तक्रारी मिटतील. चित्रपट तुम्ही चुकीच्या वेगानं पाहिलात. त्या काळी कॅमेरा हातानं फिरवायचा. हँडलच्या एका फेऱ्यात आठ चौकटी (फ्रेम) आणि सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चौकटी, हा जुना हिशेब. १९१९ च्या सुमारास तो पुष्कळ ठिकाणी अठरा-वीसपर्यंत चढला होता. सेकंदाला २४ चौकटी हे प्रमाण बोलपटाबरोबर आलं, कारण आवाजाला कमीजास्त वेग चालत नाही. पुढे टीव्ही आणि व्हिडिओसाठी प्रती काढताना पुष्कळांनी मूकपटही सरसकट २४ नं चालवले. त्यामुळे अठरानं टिपलेला माणूस पडद्यावर सव्वापटीहून जास्त वेगानं चालतो आणि बिचारा विदूषकासारखा दिसतो.

उपाय हाताशी आहे. यूट्यूबवर प्लेबॅक स्पीड ०.७५ करा. २४ चे १८ होतात. वरून जोडलेलं संगीत रेंगाळेल, ते बंद करून टाका. काही प्रती मुळातच योग्य वेगानं काढलेल्या असतात, त्यांना हे करू नका. ओळखायचं कसं? दार उघडून आत येणारा, टोपी काढून खुर्चीत बसणारा माणूस बघा. तो तुमच्या घरातल्या माणसासारखा बसला तर वेग बरोबर आहे. मूकपटातला अभिनय 'भडक' असतो ही समजूत निम्मी या चुकीच्या वेगामुळेच पसरली. थिओडोर रॉबर्ट्ससारखा मुरलेला नट तोंडात सिगार धरून नुसता भुवई उंचावतो, आणि तीच भुवई सव्वापट वेगानं उंचावली की माकडचेष्टा वाटते. या एका गोष्टीवर मी विद्यार्थ्यांशी वर्षानुवर्षं भांडत आलोय, कारण त्यात एका अख्ख्या पिढीच्या नटांवर अन्याय होतो.

आता गंमत पुढे आहे. वेग ०.७५ केलात तरी शर्यतीचे काही शॉट वेगवान दिसतीलच. ते मुद्दाम केलेलं आहे. कॅमेरामन त्या शॉटपुरतं हँडल सावकाश फिरवायचा. बारा चौकटींनी टिपलेली मोटार अठरानं दाखवली की दीडपट वेगानं जाते, म्हणजे ताशी ४० मैलांची ६० मैलांनी. यात पकडले जाण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. मोटारीकडे बघू नका, मागच्या धुळीकडे बघा. धूळ स्वतःच्याच तंद्रीत बसते, तिला घाई नसते. ती झटकन विरली तर हँडल सावकाश फिरलंय. निशाण फडफडण्याऐवजी थरथरत असेल, कडेला उभ्या माणसांचे हात माश्या हाकलल्यासारखे हलत असतील, तर तेच. चांगला कॅमेरामन म्हणूनच अशा शॉटमध्ये कडेला माणूस येऊ द्यायचा नाही. 'द रोअरिंग रोड'चा कॅमेरामन फ्रँक अर्सन होता, आणि त्याची समज मोठी होती. दोन वर्षांनी याच नायकाला घेऊन 'टू मच स्पीड' हा मोटारशर्यतीचाच पट त्यानं स्वतः दिग्दर्शित केला.

आता गोष्ट. डार्को मोटार कंपनीचा मालक वॉर्ड, म्हणजे थिओडोर रॉबर्ट्स, तापट आणि गुरगुरणारा. त्याला सगळे अस्वल म्हणतात. त्याच्याकडे मोटारी विकणारा टूडल्स, म्हणजे वॉलेस रीड. टूडल्सला लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिकाची शर्यत पळवायची आहे आणि मालकाच्या मुलीशी, डोरोथीशी, लग्न करायचंय. मालक दोन्हीला नकार देतो. शर्यतीसाठी मागवलेल्या तीन मोटारी रेल्वे अपघातात मोडतात. टूडल्स त्या भंगारातून एक मोटार उभी करतो आणि शर्यत जिंकतो. तरी सासरा लग्न लांबणीवर टाकतो, कारण त्याला आता लॉस एंजेलिस ते सॅन फ्रान्सिस्को मोटारीनं सर्वांत कमी वेळात जाण्याचा विक्रम हवाय. शेवटी मुलगी सॅन फ्रान्सिस्कोच्या आगगाडीत आणि टूडल्स मोटारीतून तिच्या मागे. प्रेमासाठी धावता धावता विक्रमही मोडतो, जे अस्वलाच्या मनात पहिल्यापासून होतंच.

कथा बायरन मॉर्गनच्या. 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' या साप्ताहिकात त्याच्या मोटारकथा छापून येत होत्या, पटकथा मॅरियन फेअरफॅक्स हिनं बांधली आणि दिग्दर्शन जेम्स क्रूझचं. हाच क्रूझ चार वर्षांनी 'द कव्हर्ड वॅगन' करून मोठा झाला.

तुम्हाला हे पोरकट वाटलं, आणि कथेच्या मजकुरापुरतं मी ते मान्य करतो. पण प्रेम वरून डकवलंय, हे मला अजिबात पटत नाही. एक प्रयोग करा. या चित्रपटातून डोरोथी काढून टाका आणि फक्त मोटारी ठेवा. काय उरतं? एका चौकटीत डावीकडून उजवीकडे जाणारी गाडी. मग दुसरी गाडी. मग पुन्हा पहिली. दोन मिनिटांत तुम्ही जांभई द्याल. शर्यत ही पडद्यावर फार अवघड गोष्ट आहे, कारण मैदानात उभ्या माणसाला जे आपसूक कळतं ते पडद्यावर कळत नाही. कोण पुढे, कोण मागे, किती फेरे उरले, अंतर किती, काहीच नाही. मूकपटात तर समालोचकही नाही. मग प्रेक्षकाला हे सांगायचं कुणी? कडेला उभ्या असलेल्या, ज्याचं काहीतरी पणाला लागलंय अशा चेहऱ्यानं. तो चेहरा उजळला की आपला माणूस पुढे आहे. तो चेहरा डावीकडे वळून तसाच थांबला की गाडी वेळेवर आलेली नाही. पडद्यावरची शर्यत वाट बघणाऱ्याच्या डोळ्यांतून कळते, आणि सर्वांत उत्कट वाट बघणारं माणूस म्हणजे प्रेमात पडलेलं माणूस. म्हणून मोटारशर्यत आणि प्रेम यांची जोडी या काळात जमली, आणि आजही प्रत्येक शर्यतपटात कुणीतरी कठड्याला धरून उभं असतं.

संकलनात याचा व्यवहार असा चालतो. शर्यतीचा शॉट तीन सेकंदांचा असेल आणि पाठोपाठ चेहरा दोन सेकंदांचा, तर प्रेक्षक पुढचा शर्यतीचा शॉट त्या चेहऱ्याच्या भावनेनं बघतो. शॉट तोच असला तरी! मागच्या फेऱ्यात वापरलेला शॉट मी दुसऱ्या चेहऱ्यानंतर लावला तर तो नवा वाटतो. त्या काळी शर्यतीचं उपयोगी चित्रण तुटपुंजं असायचं, तेव्हा ही गोष्ट निर्मात्याचा जीव वाचवणारी होती.

आगगाडी आणि मोटार ही शेवटची जोडीही तशीच विचारपूर्वक आहे. तीन वर्षं आधी दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथनं 'इन्टॉलरन्स'च्या आधुनिक कथेत फाशी जाणाऱ्या निरपराध माणसाला सोडवण्यासाठी मोटारीनं राज्यपालाच्या आगगाडीचा पाठलाग घडवला होता. एकदा इकडे, एकदा तिकडे, तुकडे आखूड होत जातात आणि श्वास अडकतो. माझ्या मते क्रूझनं तेच यंत्र घेतलं, त्यातून मृत्यू काढला आणि आगगाडीत प्रेयसी बसवली. दिसायला हलकं वाटतं, पण त्यातून एक मोठी गोष्ट साधली. फाशीच्या दृश्यात प्रेक्षक भीतीनं घड्याळ बघतो, इथे तो आनंदानं बघतो. आगगाडीला वेळापत्रक आहे, रूळ आहेत, ती चुकायची नाही. मोटारीला रस्ता आहे आणि त्याच्या सगळ्या खोड्या आहेत. १९१५ साली लॉस एंजेलिसच्या उत्तरेला डोंगरातून जो रिज रूट काढला त्याला जवळजवळ सातशे वळणं होती, यावरून त्या काळी सॅन फ्रान्सिस्कोला मोटारीनं जाणं म्हणजे काय होतं ते लक्षात येईल.

शिवाय हा विक्रमाचा ध्यास लेखकाच्या डोक्यातून निघालेला नाही. त्या काळी कॅलिफोर्नियातले मोटारविक्रेते खरोखरच दोन शहरांमधले विक्रम मोडत आणि त्याच्या जाहिराती करत. म्हणून मालक, विक्रेता, शर्यत आणि मुलगी या चार गोष्टी एका गोष्टीत येणं तेव्हाच्या प्रेक्षकाला ओढूनताणून वाटत नव्हतं. सांता मोनिकाची खरी शर्यत १५ मार्च १९१९ रोजी क्लिफ ड्युरंट या माणसानं 'शेवरोलेट स्पेशल' पळवून जिंकली. हा ड्युरंट म्हणजे जनरल मोटर्सच्या संस्थापकाचा मुलगा आणि कॅलिफोर्नियातल्या शेवरोलेटच्या धंद्यातला कर्ता माणूस. मोटारी विकणाराच त्या साली खरी शर्यत जिंकला! चित्रपट त्याच वसंतात थिएटरात लागला.

एक गोष्ट मात्र मला खटकते. डोरोथीचं काम ॲन लिटल हिचं आहे. वेस्टर्न पटांतली ही पटाईत घोडेस्वार नटी. त्याच वर्षीच्या 'लाइटनिंग ब्राइस' या मालिकापटाची नायिका. अशा बाईला इथे फक्त वाट बघायला लावलं आहे, आणि बाप तिला बक्षीस म्हणून हातात धरून ठेवतो. कथेच्या यंत्रात ती जागा महत्त्वाची आहे हे मी वर सांगितलं, पण ती जागा एका कर्तबगार नटीला देऊन तिच्या हातून चाक काढून घेणं ही या चित्रपटाची खरी उणीव आहे. पाच वर्षं आधीच कुणीतरी याहून धीट काम केलं होतं, त्याकडे येतोच.

शर्यत खरी की बनावट? ठाम उत्तरापेक्षा ओळखण्याची रीत देतो, म्हणजे या जातीच्या कुठल्याही चित्रपटात ती वापरता येईल.

आधी जागा समजून घ्या. सांता मोनिकाला ट्रॅक नव्हता. १९०९ ते १९१९ या काळात तिथे गावातल्या रस्त्यांवर शर्यत व्हायची. सुमारे साडेआठ मैलांचा वेढा: समुद्राकडेनं जाणारा ओशन ॲव्हेन्यू, विल्शर आणि सॅन व्हिसेंते. विल्शर आणि ओशन ॲव्हेन्यू जिथे मिळतात तिथे काटकोनी वळण, त्याला लोक मृत्यूचं वळण म्हणत. १९१४ आणि १९१६ साली व्हॅन्डरबिल्ट कप आणि ग्रँड प्राइझ या अमेरिकेतल्या अतिशय मानाच्या दोन शर्यती इथेच झाल्या. आणि स्टुडिओ हाकेच्या अंतरावर. निर्मात्यांना फुकटात हजारो प्रेक्षक, खऱ्या मोटारी आणि खरा धोका मिळत होता. ते कॅमेरे घेऊन न जाते तरच नवल.

आता रीत. खऱ्या शर्यतीत कॅमेरा तिकाटण्यावर एका जागी उभा असतो. दूरचं जवळ आणणारी आजच्यासारखी भिंगं नव्हती, त्यामुळे मोटार जवळ येईपर्यंत लहानच दिसते. ती समोरून येते तेव्हा बराच वेळ जणू हलतच नाही, आणि मग एकदम कॅमेऱ्याच्या अंगावरून निघून जाते. आडवी जाते तेव्हा तिच्यामागे कॅमेरा वळवावा लागतो, आणि इथे मेख आहे. उजवा हात हँडल फिरवतोय. कॅमेरा आडवा वळवायला तिकाटण्यावर एक चाकी, वरखाली करायला दुसरी. कामं तीन आणि हात दोन. म्हणून खऱ्या शर्यतीच्या शॉटमध्ये कॅमेरा हिसके खातो, मोटार चौकटीच्या पुढच्या कडेला जाऊन टेकते, कधी निसटते. हा अनाडीपणा नव्हे. ताशी ऐंशी मैलांच्या मोटारीमागे हातानं कॅमेरा वळवणाऱ्या माणसाची ती सही आहे. मला तो हिसका फार प्रिय आहे.

उलट, जिथे कॅमेरा मोटारीच्या पुढे किंवा बाजूला राहून तिच्याच वेगानं सरकतो, नायकाचा चेहरा स्वच्छ दिसतो, गॉगल कपाळावर चढवलेला असतो, ते चित्रण वेगळ्या दिवशी, दुसऱ्या मोटारीवर कॅमेरा बांधून केलेलं. तिथे सावल्या बघा. शर्यतीच्या शॉटमध्ये सावली आखूड आणि नायकाच्या शॉटमध्ये लांब असेल तर मधे काही तास, कदाचित काही दिवस गेलेत. मागची गर्दी बघा: दाट गर्दीच्या शॉटनंतर चेहऱ्याच्या शॉटमागे नुसतीच झाडं येतात. आणि गर्दीची नजर बघा. खरे प्रेक्षक मोटार येण्याच्या दिशेनं विस्कळीत बघतात, कुणी पोराला वर उचलतो, कुणी पाठ फिरवून बोलत असतो. भाड्यानं आणलेली गर्दी एकदम, एकाच क्षणी मान वळवते.

आणखी एक खूण म्हणजे चालकाशेजारी बसलेला दुसरा माणूस. त्या काळच्या शर्यतीच्या मोटारीत मेकॅनिक बरोबर बसायचा. टायरवर नजर ठेवायची, दाबाचा पंप मारायचा, मागून कोण येतंय ते सांगायचं. इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत १९१२ पासून १९२२ पर्यंत तो सक्तीचाच होता. मूकपटाला हा माणूस म्हणजे देणगी होती. नायक एकटा असता तर बोलणार कुणाशी? शेजारी मेकॅनिक असला की ओरडता येतं, बोट दाखवता येतं, घाबरलेला एक चेहरा आणि न घाबरलेला एक चेहरा एकाच चौकटीत ठेवता येतो. लिहून दाखवायच्या चार पाट्या वाचतात.

वॉलेस रीडबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण हा चित्रपट त्याच्या अंगावर बेतलेल्या कपड्यासारखा आहे. जन्म १८९१ चा. ग्रिफिथच्या 'द बर्थ ऑफ अ नेशन'मध्ये लोहाराच्या छोट्या भूमिकेत तो लोकांच्या नजरेत भरला. 'द रोअरिंग रोड' चालल्यावर पॅरामाउंटनं त्याला मोटारीतून उतरूच दिलं नाही. 'डबल स्पीड', 'एक्स्क्यूज माय डस्ट', 'व्हॉट्स युवर हरी?' हे तिन्ही १९२० चे, तिन्ही सॅम वूडनं दिग्दर्शित केलेले. मग १९२१ ला 'टू मच स्पीड', १९२२ ला 'अक्रॉस द कॉन्टिनेंट'. यातला 'एक्स्क्यूज माय डस्ट' हा 'द रोअरिंग रोड'चा पुढचा भाग, त्यात टूडल्स आणि डोरोथीचा संसार थाटलेला आहे आणि रीडचा खरा मुलगा पडद्यावरही मुलगा झालाय. रीडला मोटारींचं खरंच वेड होतं. १९२२ च्या इंडियानापोलिस ५०० साठी त्यानं नावही दिलं होतं, पुढे ते मागे घेतलं गेलं.

१९१९ सालीच 'द व्हॅली ऑफ द जायंट्स'च्या चित्रीकरणासाठी जाताना रेल्वे अपघातात तो जखमी झाला. वेदना थांबाव्यात आणि काम अडू नये म्हणून त्याला मॉर्फिन देण्यात आलं, आणि ते सुटलं नाही. १८ जानेवारी १९२३ रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, लॉस एंजेलिसच्या एका सॅनिटोरियममध्ये तो गेला. त्याची पत्नी डोरोथी डेव्हनपोर्ट स्वतः नटी होती. तिनं हे लपवलं नाही. त्याच वर्षी तिनं अमली पदार्थांच्या व्यसनावर 'ह्युमन रेकेज' हा चित्रपट काढला, त्यात काम केलं आणि तो घेऊन गावोगाव बोलत फिरली. 'द रोअरिंग रोड'मधला तो हसरा, सैल अंगाचा, स्टिअरिंगवर हात नुसता टेकवून बसलेला तरुण बघताना हे माहीत असावं असं मला वाटतं. दया म्हणून नव्हे. त्याच्या अभिनयातला सहजपणा किती दुर्मिळ होता ते कळावं म्हणून. १९१९ साली पडद्यावर इतकं कमी करणारे नट मोजकेच होते.

'ह्युमन रेकेज' आज कुठेच नाही. अमेरिकन मूकपटांपैकी सुमारे ७० टक्के कायमचे नाहीसे झालेत, असं लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत म्हटलंय. 'द व्हॅली ऑफ द जायंट्स' वाचला तो रशियन संग्रहालयात, आणि त्याची डिजिटल प्रत २०१० साली अमेरिकेला परत मिळाली. आपल्याकडची स्थिती याहून वाईट. तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यातले जेमतेम तीसेक उरलेत, आणि त्यातलेही बरेच अर्धेमुर्धे. त्या काळची नायट्रेट फिल्म जळते आणि जळाली नाही तर कुजते. पुण्यात २००३ साली फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत गेलेली रिळं आठवली की अजून चरफडायला होतं. प्रेम आणि साहस यांची जोडी आपल्या मूकपटांतही होती, फक्त मोटारीच्या जागी घोडा होता. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेला १९३१ चा 'दिलेर जिगर' कधी बघायला मिळाला तर सोडू नका.

आता आणखी काय बघावं. सुरुवात 'किड ऑटो रेसेस ॲट व्हेनिस'पासून करा, फेब्रुवारी १९१४ चा, जेमतेम सहा-सात मिनिटांचा. चॅप्लिनचा तो प्रसिद्ध 'भटक्या' प्रेक्षकांना पहिल्यांदा दिसला तो यातच. लहान मुलांच्या गाड्यांची खरीखुरी शर्यत चाललीय, एक जण तिचं चित्रण करतोय, आणि हा माणूस पुन्हा पुन्हा कॅमेऱ्यासमोर येऊन उभा राहतो. प्रेमकथा नाही, तरी सुचवतोय, कारण शर्यतीच्या कडेला उभा असलेला कॅमेरा आणि त्याचं हँडल फिरवणारा माणूस तुम्हाला यात प्रत्यक्ष दिसेल. हँडलच्या फेऱ्यांवर नजर ठेवा, वर सांगितलेला सगळा हिशेब डोळ्यांसमोर उभा राहील. आणि मागच्या गर्दीचे चेहरे बघा. त्यांना हा माणूस कोण ते माहीतच नाही. आधी वैतागतात, मग हसायला लागतात.

पाठोपाठ त्याच वर्षीचा 'मेबल ॲट द व्हील'. मेबल नॉर्मंड यात नायिका आहे आणि निर्माता मॅक सेनेटबरोबर दिग्दर्शकही. चित्रीकरणात तिचा आणि चॅप्लिनचा खटका उडाला ती कथा त्याच्या चरित्रांतून पुष्कळांनी वाचली असेल. प्रियकराला खलनायक, म्हणजे चॅप्लिन, पळवून नेतो आणि मेबल स्वतः चाकावर बसून शर्यत पळवते. मागे सांता मोनिकाची १९१४ ची खरी शर्यत आहे, ज्या व्हॅन्डरबिल्ट कपात राल्फ डी पाल्मानं मर्सिडीज पळवून बार्नी ओल्डफिल्डला मागे टाकलं. ॲन लिटलच्या बाबतीत मी जी तक्रार केली तिचं उत्तर इथे आहे. विनोद धसमुसळा आहे, तो सहन करा. चाकावर बसलेल्या मेबलच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा आहे.

'द फर्स्ट ऑटो' १९२७ चा, वॉर्नर ब्रदर्सचा, दिग्दर्शक रॉय डेल रूथ. या यादीत नाट्य म्हणून सर्वांत जड हाच. घोड्यांवर जीव असलेला, तबेला चालवणारा बाप आणि मोटारीच्या नादी लागलेला मुलगा. शर्यतीच्या मोटारीत बाप बिघाड करून ठेवतो, तिच्यात आपलाच मुलगा बसणार आहे हे त्याला ठाऊक नसतं. रसेल सिम्प्सननं बाप असा केलाय की मोटार न आवडणाऱ्या माणसाच्या बाजूनं आपण पूर्ण वेळ उभे राहतो. जुन्या जमान्यातला गाजलेला चालक बार्नी ओल्डफिल्ड यात स्वतःच्याच नावानं आहे. मुलाचं काम करणारा चार्ल्स एमेट मॅक चित्रीकरणाच्या काळातच, शर्यतीच्या जागेकडे निघालेला असताना, मोटार अपघातात गेला. चित्रपट त्याच्याविना पुरा करावा लागला.

सर्वांत शेवटी 'स्पीडवे', सप्टेंबर १९२९, एम.जी.एम., दिग्दर्शक हॅरी बोमॉन्ट, विल्यम हेन्स आणि अनिता पेज. कथा पुन्हा बायरन मॉर्गनची, म्हणजे 'द रोअरिंग रोड'नंतर दहा वर्षांनीही तोच माणूस या जातीला गोष्टी पुरवत होता. नायक आगाऊ, तोंडाळ. सुरुवातीला त्याचा राग येईल. पण त्याचं आणि त्याला वाढवणाऱ्या म्हाताऱ्या चालकाचं नातं अर्नेस्ट टॉरेन्सनं असं उभं केलंय की प्रेयसीपेक्षा त्याच्यासाठी आपण शर्यत बघतो. वाट बघणारा चेहरा कुणाचा असावा, याचं उत्तर इथे बदललंय, आणि मला तो या जातीचा सर्वांत पिकलेला टप्पा वाटतो. नायिकाही आता कठड्याला धरून उभी राहत नाही, ती विमान चालवते आणि आगाऊ नायकाला वर नेऊन त्याची चांगली जिरवते.

चित्रीकरण इंडियानापोलिसच्या अडीच मैलांच्या विटांच्या ट्रॅकवर, ३० मे १९२९ च्या खऱ्या शर्यतीच्या आधारानं. ती रे कीचनं जिंकली आणि तिच्यात बिल स्पेन्स मारला गेला. सोळाच दिवसांनी अल्टूनाच्या ट्रॅकवर कीचही गेला. चित्रपट लागला तेव्हा हे प्रेक्षकांना माहीत होतं. दीड लिटरच्या आतबाहेरच्या इंजिनाच्या त्या मोटारी एकाच माणसाच्या होत्या, शेजारचा मेकॅनिक गेला होता. 'द रोअरिंग रोड'मधल्या दोघांच्या मोटारीनंतर लगेच हे बघितलंत तर चालक किती एकटा पडलाय ते चटकन जाणवेल, आणि दिग्दर्शकाला त्याचा चेहरा पुन्हा पुन्हा जवळून का दाखवावा लागला तेही.

बघताना दोन गोष्टी सांभाळा. पहिल्या दोन छोट्या पटांना वेगाचा नियम लावा. 'द फर्स्ट ऑटो' आणि 'स्पीडवे' यांचा वेग मात्र बदलू नका आणि आवाजही बंद करू नका. त्यांच्याबरोबर संगीत आणि आवाज मुळातच ध्वनिमुद्रित होऊन आले होते, त्यामुळे ते २४ चौकटींचेच आहेत. आणि 'द रोअरिंग रोड' पुन्हा लावाल तेव्हा ०.७५ वर, रात्री, मोठ्या पडद्यावर आणि फोन लांब ठेवून लावा. पाच रिळांचा चित्रपट आहे, तासाभराहून थोडा जास्त वेळ लागेल.